बियांनी पाळी परत आली म्हणे

मागच्या जानेवारीत चर्चगेट फास्टच्या लेडीज डब्यात माझी रोजची शेजारीण कानाशी येऊन म्हणाली, अगं वर्षभर गेलेली माझी पाळी परत आली, बियांनी आली. तिचं वय ५१. पर्समधून तिने एक बरणी काढली, गुलाबी लेबल, आत दोन कप्पे, एकात जवस आणि भोपळ्याच्या बिया, दुसऱ्यात तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. पहिले चौदा दिवस हा कप्पा, उरलेले दिवस तो. चौदाशे नव्वद रुपये. समोरच्या दोघींनी लगेच लेबलचा फोटो काढला, अंधेरीला चढलेल्या एका मुलीने लिंक मागितली, आणि मी, जी एरवी या विषयावर तावातावाने बोलते, ती दादर येईपर्यंत गप्प बसले कारण मला पोटात एकदम धस्स झालं होतं. वर्षभर पूर्ण बंद झालेली पाळी अशी परत येत नसते. त्यानंतर जे रक्त दिसतं त्याचं कारण बहुतेकदा साधं निघतं, पण साधारण दहातल्या एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सापडतो, म्हणून ते तपासल्याशिवाय सोडायचंच नसतं. तिचं पुढे काय झालं ते सांगते, पण आधी मला या बरणीबद्दल बोलायचंय.

मी नॅचरोपॅथीच्या, म्हणजे निसर्गोपचाराच्या विरोधातली बाई नाही हे आत्ताच सांगून टाकते. पोटावर मातीची पट्टी घेऊन झोपलेय, टबात कटिस्नान घेतलंय, सात दिवस दुधी भोपळ्याचं सूप प्यायलेय आणि त्यातलं बरंचसं मला आवडलंही होतं. पण गेल्या पाच-सात वर्षांत मुंबईत "हॉर्मोन बॅलन्स" नावाचं जे दुकान उघडलंय त्यात एक गोम आहे. नॅचरोपॅथीतल्या ज्या गोष्टींचा बाईला खरोखर उपयोग होतो त्या सगळ्या फुकट आहेत, म्हणजे झोप, चालणं, वेळेवर साधं जेवण, आणि समोर बसून नीट ऐकणारं माणूस. त्या फुकट गोष्टीच आमच्यातल्या शंभरातल्या नव्वद जणींना मिळत नाहीत. मग त्या जागी बरणी विकली जाते.

आता या बिया. जवसाची चटणी, तिळाची चटणी, कारळ्याची चटणी, हे आपल्याकडे कुणी हॉर्मोनसाठी करत नव्हतं, भाकरीबरोबर काहीतरी तोंडीलावणं हवं म्हणून करायचे. जवसात लिग्नान नावाचे घटक असतात जे शरीरात गेल्यावर इस्ट्रोजेन या बायकी हॉर्मोनसारखं किंचित काम करतात, चांगली चरबी असते, फायबर असतं, खावेतच. पण चौदा दिवस हे आणि चौदा दिवस ते खाल्लं की शरीर त्या तालावर नाचायला लागतं, याला म्हणावा असा पुरावा नाही. आणि साधी गंमत बघा, हे वेळापत्रक २८ दिवसांच्या पाळीवर बेतलंय. ज्या मुलीची पाळी सत्तर दिवसांनी येते, जिच्यासाठी ही बरणी म्हणून विकतात, तिने पंधरावा दिवस कुठून मोजायचा? यालाही उत्तर तयार आहे, तिने म्हणे चंद्र बघावा, अमावस्येपासून एक कप्पा आणि पौर्णिमेपासून दुसरा. बोरिवलीत इमारतींमधून चंद्र दिसतो कुठे ते वेगळंच.

बरं, हे असं विकणं कायद्यात बसतं का? माझ्या भाचीने लॉ केलंय, तिच्याकडून मला कळलं की १९५४ चा एक कायदा आहे, औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याच्या तिसऱ्या कलमात चक्क लिहिलंय की बायकांच्या मासिक पाळीचे विकार दुरुस्त करण्यासाठी अमुक औषध वापरा असं सुचवणारी जाहिरात करता येणार नाही. शिवाय सोबत जी आजारांची यादी आहे त्यात गर्भाशयाचे विकार आहेत, वंध्यत्व आहे, गलगंड आहे, लठ्ठपणासुद्धा आहे. सत्तर वर्षांपूर्वी कुणाला तरी कळलं होतं की बाईच्या पाळीवर धंदा करणं सगळ्यात सोपं, कारण ती याबद्दल चारचौघात विचारणार नाही. पण त्याच कायद्यात औषधाची व्याख्या करताना शरीराच्या कामावर परिणाम करणारी कुठलीही वस्तू असं म्हणून पुढे "अन्न सोडून" असं लिहिलंय. आता बिया म्हणजे अन्न. पावडर म्हणजे अन्न. चूर्णाला "ब्लेंड" म्हटलं की तेही अन्न, त्यावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर, आणि हेल्थ सप्लिमेंट असेल तर मागे बारीक अक्षरात नियमाप्रमाणे लिहिलेलं असतं की हे औषधी वापरासाठी नाही. लेबलवर पुढे पीसीओएस (अंडाशय आणि हॉर्मोनचा, पाळी बिघडवणारा विकार), मागे औषधी वापरासाठी नाही. आणि रीलमधली बाई तर वस्तू विकतच नसते, ती फक्त स्वतःची "जर्नी" सांगते, लिंक खाली असते.

पीसीओएसचंच घेऊ कारण सगळ्यात जास्त बाजार त्याचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या दर शंभरात साधारण दहा जणींना तो असतो आणि त्यातल्या कितीतरी जणींना माहितही नसतं. याचं निदान तीन गोष्टींतल्या दोन जुळल्या तर करतात: पाळी अनियमित, पुरुषी हॉर्मोन जास्त असल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत विशिष्ट प्रकारचे अंडाशय. नुसती सोनोग्राफी बघून "तुला पीसीओडी आहे" असं पंधरा वर्षांच्या मुलीला सांगणं चूक आहे, पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं अंडाशय तसेच दिसू शकतात. तरी किती मुलींना हा शिक्का बसतो आणि मग त्या आईबरोबर डाएटवालीकडे जातात.

पण इथेच नॅचरोपॅथीवाल्यांचं एक म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि डॉक्टरांनी ते धडपणे सांगितलेलं नाही. पीसीओएस असलेल्या बऱ्याच बायकांमध्ये इन्सुलिन नीट लागू पडत नाही, मग शरीर जास्त इन्सुलिन करतं, आणि ते वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हॉर्मोन जास्त करायला लावतं. चाललं, जिने चढले, वजन उचललं की स्नायू साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनची गरज उतरते. म्हणजे चालण्याने पाळी सुधारते यात चमत्कार नाही, हे सरळ शरीराचं काम आहे. २०२३ ची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत तीही पहिल्यांदा हेच सांगतात, आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल, दोन दिवस ताकदीचा व्यायाम, समतोल आहार, आणि बरोबर स्पष्ट सांगतात की कुठलं एक डाएट दुसऱ्यापेक्षा भारी असल्याचा पुरावा नाही. कीटो नाही, ग्लुटेन बंद नाही, दूध बंद नाही. पोळी-भाजी-वरण-भात-कोशिंबीर चालते, भात जरा कमी आणि वरण-उसळ जरा जास्त. हे ऐकायला तीन हजारांची फी कोण देईल? म्हणून मग "डिटॉक्स" येतो. शरीरातलं जुनं हॉर्मोन साफ करायला लिव्हर आणि किडनी दोघं दिवसरात्र ड्युटीवर असतात, त्यांना हिरव्या ज्यूसची मदत लागत नाही.

आता ही १५० मिनिटं कुठून आणायची ते सांगा. माझ्या डब्यातल्या एका बाईचा दिवस सांगते, विरारची आहे. पावणेपाचला उठते, पाणी भरते, दोन डबे करते, सासऱ्यांचा वेगळा बिनतिखटाचा स्वयंपाक, सव्वासातला घराबाहेर, लटकत अंधेरी, तिथून बस. संध्याकाळी साडेआठला घरी, परत स्वयंपाक, भांडी, मुलीचा अभ्यास, बारा वाजतात. तिला डॉक्टरने कागदावर लिहून दिलं, "लाईफस्टाईल मॉडिफिकेशन". ती मला विचारत होती ही गोळी कुठल्या मेडिकलमध्ये मिळेल. हसू नका, अक्षर तसंच होतं.

सरकारचीच २०२४ ची वेळ-वापर पाहणी आहे, त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८. बाईच्या हॉर्मोनबद्दल मी वाचलेल्या सगळ्या आकड्यांत हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण जीवनशैली बदला असं म्हणताना ती जीवनशैली जणू तिने हौसेने निवडलीय असं धरून चालतात. झोप साडेचार तास का होते हे कुणी विचारत नाही, अश्वगंधा घे म्हणतात. (अश्वगंधा थायरॉईडचं हॉर्मोन वाढवू शकते, थायरॉईडची गोळी चालू असणाऱ्या बायका ती सर्रास घेतात, आणि लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेसही नोंदल्या गेल्यात, "नॅचरल आहे, साईड इफेक्ट नाही" म्हणणाऱ्यांनी हे कधीतरी वाचावं.) डॉक्टरही तेच करतात आणि नॅचरोपॅथही तेच करतात, दोघंही सगळं बाईच्याच गळ्यात घालतात. नवऱ्याने संध्याकाळची भांडी घासावीत असं प्रिस्क्रिप्शन मी अजून पाहिलेलं नाही, पीसीओएसला त्याचा उपयोग झाला असता असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता माझी गोष्ट सांगते, ही सांगायला मला लाज वाटते तरी. मला ३९ व्या वर्षापासून थायरॉईड आहे, रोज उपाशीपोटी गोळी. चार वर्षांपूर्वी मी आणि जाऊ दहा दिवसांसाठी एका निसर्गोपचार केंद्रावर गेलो, मुंबईपासून फार लांब नाही, नाव घेत नाही. जागा सुंदर. सकाळी कडुनिंबाचं पाणी, मग ओटीपोटावर मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली थंडगार माती, पहिल्या क्षणी श्वासच अडकतो आणि मग पाचव्या मिनिटाला डोळे मिटायला लागतात. फोन लॉकरमध्ये. कुणी "आई माझे मोजे" म्हणून हाक मारत नाही. तिथल्या बाईंनी माझ्याशी पन्नास मिनिटं बोलून घेतलं, पाळी कधी सुरू झाली इथपासून, लग्न, बाळंतपणं, सासू कशी आहे, रडू कधी येतं, सगळं. माझं वय तेव्हा ४३, तोवर कुठल्याही डॉक्टरने मला एवढे प्रश्न विचारले नव्हते. मी त्यांच्यासमोर रडले. आणि मग त्या म्हणाल्या, ताई, ही गोळी तुमच्या ग्रंथीला आळशी करतेय, बंद करा, शरीर स्वतः बनवायला लागेल.

मी बंद केली. शिकलेली बाई, बँकेत नोकरी, बंद केली. आणि सांगू का, पहिले दोन-तीन आठवडे मला इतकं छान वाटलं की मी आख्ख्या ब्रँचला त्या केंद्राचा नंबर दिला. नंतर कळलं त्यातली मेख काय होती. थायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणजे आज गोळी थांबवली तरी जुनी गोळी आणखी कितीतरी दिवस पुरते, आणि त्याच दिवसांत मी झोपत होते, चालत होते, साधं खात होते. चांगलं वाटत होतं ते आधीच्या गोळीमुळे आणि झोपेमुळे, श्रेय गेलं कडुनिंबाला. दोन महिन्यांनी चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, कॅशचा हिशोब करताना आकडे विसरायला लागले, केस मोरीत पुंजक्याने. टीएसएच (ग्रंथी मंद झाली की हा आकडा वाढतो) ३८ आला, चार-पाचच्या आत हवा असतो. लॅबवाल्या मुलाने रिपोर्ट देताना विचारलं, काकू कुणी बरोबर आहे का तुमच्या.

त्या बाईंवर माझा राग आहे का? आहे. पण त्यांनी विचारलेल्या त्या पन्नास मिनिटांच्या प्रश्नांबद्दल अजूनही उपकार वाटतात, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी.

आणि या अर्धवटपणाची दुसरी बाजू पण आहे. माझ्या आतेबहिणीच्या मुलीचा थायरॉईड रिपोर्ट मागच्या वर्षी एकदम उलटा आला, ग्रंथी जास्त काम करतेय असा. घरात घबराट. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, केसांच्या गोळ्या घेतेस का? घेत होती, १० मिलिग्रॅम बायोटिनच्या, शरीराला रोज लागतं त्याच्या तीनशेपट वगैरे. बऱ्याच लॅबमध्ये टेस्टच बायोटिनच्या आधाराने चालते, रक्तात ते जास्त असलं की मशीन फसतं आणि टीएसएच खोटा कमी दाखवतं. काही दिवस गोळ्या थांबवून परत रक्त दिलं, सगळं नॉर्मल. व्हिटॅमिनच ते, नैसर्गिकच. जर कुणी तो रिपोर्ट वाचून औषध चालू केलं असतं तर?

नैसर्गिक या शब्दानेच सगळा घोळ केलाय. पीसीओएसमध्ये देतात ती मेटफॉर्मिन, जिला बायका "केमिकल" म्हणून घाबरतात, तिचं मूळ युरोपात उगवणाऱ्या गॅलेगा नावाच्या झुडपात सापडलं. उलट "वाइल्ड याम" नावाच्या कंदाचं क्रीम नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन (पाळीच्या चक्रातलं दुसरं बायकी हॉर्मोन) म्हणून विकतात, त्या कंदातल्या डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनतं हे खरंच आहे, १९४० च्या दशकात मेक्सिकोत तसं करून दाखवलंय, पण ते प्रयोगशाळेत बनतं. आपल्या शरीराला ते जमत नाही, कातडीवर कितीही चोळा.

मग एवढं असून बायका तिकडे का जातात? माझ्या ओळखीतले डॉक्टर लोक म्हणतात अडाणीपणा. मी म्हणते तुम्ही एकदा तुमच्याच ओपीडीत लाइनीत उभं राहा. केसपेपर काढायला पाऊण तास, मग बाकड्यावर दोन तास, आत गेल्यावर पडद्यापलीकडे दुसरी बाई तपासायला झोपलेली, आणि "बोला लवकर". अंगावरून जातंय हे वाक्य तीन विद्यार्थ्यांसमोर मोठ्याने बोलायचं. अठरा वर्षांच्या मुलीला पाळी नियमित करायच्या गोळ्या लिहून देतात, का देतोय ते सांगत नाहीत, मुलगी बाहेर येऊन गुगल करते तर गर्भनिरोधक, घरी महाभारत. दोन वाक्यं बोलली असती कुणी, की वर्षातून किमान चार वेळा तरी अस्तर पडून जायला हवं नाहीतर ते जाड होत जातं आणि पुढे त्रास देतं, तर त्या आईने गोळ्या कचऱ्यात टाकल्या नसत्या. खाजगीत जा तर तिथे वेगळी भीती. "पिशवी काढून टाका, कटकटच नको." २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. लहान वयात. ज्या राज्यात हे घडतं तिथल्या बाईने डॉक्टरवर आंधळा विश्वास ठेवावा असं मी तरी कुठल्या तोंडाने सांगू?

मुंबईला हे पूर्वी एकदा कळलं होतं. बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत, दुखणं अंगावर काढतात, म्हणून १८८६ मध्ये फोर्टजवळ कामा हॉस्पिटल उभं राहिलं, बायकांसाठी आणि बायका डॉक्टरांनी चालवलेलं, डॉक्टर एडिथ पीची इंग्लंडहून येऊन तिथे काम करत होत्या, पुढे आपल्या रखमाबाईंनीही तिथे काम केलं. बाई नुसती औषधाला येत नाही, तिला बोलायला जागा लागते, हे तेव्हाच्या लोकांना समजलं. आज परळला आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेत पीसीओएससाठी असं क्लिनिक झालंय जिथे एकाच ठिकाणी वेगवेगळे तज्ज्ञ बघतात. पण एक क्लिनिक आणि एवढी मुंबई.

निसर्गोपचारवाल्यांना गांधींचं नाव फार आवडतं, आणि हक्क आहेच त्यांचा. पुण्याला दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधी राहिलेत, १९४६ ला उरुळी कांचनला आश्रम काढला, आणि सरकारने त्यांच्याच सहीच्या तारखेवरून १८ नोव्हेंबर हा निसर्गोपचार दिन ठरवला. मात्र याच गांधींनी जानेवारी १९२४ मध्ये ससूनला कर्नल मॅडॉककडून अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घेतलं, मध्येच वीज गेली तर कंदिलाच्या उजेडात पुरं केलं. मातीची पट्टी कुठवर आणि चाकू कुठून, हे कळणारं कुणीतरी त्या दिवशी खाटेजवळ होतं.

तर ते "कुठवर" कोण ठरवणार हा खरा प्रश्न आहे. नॅचरोपॅथीची रीतसर पदवी आहे, बीएनवायएस, साडेपाच वर्षांची, त्यात शरीरशास्त्र, निदान सगळं शिकवतात, आणि असे चांगले लोक मी पाहिलेत जे थायरॉईडची गोळी चालू ठेवा म्हणून स्वतःहून सांगतात. मूळ पद्धतच बिनऔषधाची आहे, त्यामुळे जो पावडरी विकतो तो खरं तर नॅचरोपॅथच नाही. पण २०२० मध्ये आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पासाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला तेव्हा त्यात निसर्गोपचार घेतलाच नाही. देशपातळीवर त्याचा असा आयोग नाही. मग साडेपाच वर्षं शिकलेली डॉक्टर आणि वीकेंडला ऑनलाइन सर्टिफिकेट घेतलेली "हॉर्मोन कोच" दोघी एकाच रीलमध्ये शेजारी शेजारी.

मला विचाराल तर आधी नोंदणी हवी, आणि नोंदणीची पहिली अट अशी की दुसऱ्या डॉक्टरने चालू केलेली गोळी तुम्ही बंद करायला सांगायची नाही, शंका असेल तर चिठ्ठी लिहून त्याच डॉक्टरकडे परत पाठवायचं. दुसरं, तो १९५४ चा कायदा, त्यातलं "अन्न सोडून" हे बिळ बुजवा, लेबलवर पीसीओएस, थायरॉईड, मेनोपॉज असे शब्द आले की ते अन्न राहत नाही एवढंच तर लिहायचंय. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जवळची आहे. पालिकेचे "आपला दवाखाना" २०२२ च्या शेवटापासून सुरू झालेत, संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असतात, म्हणजे नोकरीवाल्या बाईला घरी जाता जाता जमण्यासारखे. तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी एक बाई बसवा, डॉक्टर नसली तरी चालेल, शिकवून तयार केलेली नर्स चालेल, आणि तिने प्रत्येकीला वीस मिनिटं द्यायची. टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर तिथेच. (२०१९-२१ च्या सरकारी पाहणीतच देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या होत्या, थकवा आला की आधी हिमोग्लोबिन बघा, हॉर्मोन नंतर.) बीएनवायएस झालेल्यांना तिथे नेमा ना, योग शिकवतील, जेवण समजावतील, त्यांना तेच उत्तम येतं, आणि शेजारच्याच खोलीत एमबीबीएस असेल. खर्चाचं रडगाणं गाऊ नका. ओपीडीत त्याच त्याच बाईला सहा वेळा परत पाठवण्यात काय कमी पैसे जातात?

यावर लोक म्हणतील की बाईंनो तुम्ही चॉईस काढून घेताय. कोणाला मातीची पट्टी हवी तर घेऊ दे की. घ्या, मी पण घेईन, पाळी जाण्याच्या वयात रात्री तीनला घामाने गाऊन भिजतो तेव्हा ती थंड माती मला खरंच आठवते. आणि या वयात अंगातून उठणाऱ्या गरम वाफांवर हॉर्मोनची औषधंही आहेत, प्रत्येकीला चालत नाहीत पण पुष्कळ जणींना चालतात, हे मात्र कुणीच सांगत नाही, डॉक्टर म्हणतात वयाचं आहे आणि कोच म्हणते शतावरी. निवडायचं तर दोन्ही बाजूंचं पूर्ण सांगितल्यावरच ना.

आता माझ्या शेजारणीचं. दादर गेल्यावर मी तिला हळूच विचारलं, किती दिवस येतंय, रंग कसा आहे. ती जरा चिडली, म्हणाली तुला कशातच चांगलं दिसत नाही. दोन दिवस माझ्या शेजारी बसली नाही, पुढच्या दाराशी उभी राहायची. तिसऱ्या दिवशी स्वतःच आली, म्हणाली चल कुठे जायचं. तिला तीन सुट्ट्या टाकाव्या लागल्या, एक केसपेपर आणि तपासणीला, एक सोनोग्राफीला, एक दुर्बीण घालून तुकडा काढायला, तिसरी बिनपगारी गेली. रिपोर्ट आणायला तिला ऑफिसने सोडलं नाही म्हणून मी गेले, खिडकीवर अर्धा तास उभं राहून तो पाकिटातला कागद घेतला आणि तिथेच जिन्यात फोडला. पॉलिप होता, साधा, काढून टाकलेला. फोन लावला तर आधी तिला काही बोलताच येईना, मग नाक ओढत म्हणाली, अगं पण अर्धी बरणी उरलीय, आता बिया खाऊ का नको? खा म्हटलं, पण कुटून खा, अख्खं जवस गेलं तसंच बाहेर पडतं.